वीस चित्रे, वीस सेकंद आणि शहापुरातील एक स्टुडिओ

धारवाडच्या एका कलाशिबिराचे निमंत्रण आले, तेव्हा त्यातला एक परिच्छेद मी दोनदा वाचला. पहिल्या संध्याकाळी प्रत्येक कलावंताने आपल्या कामाची ओळख २० चित्रांतून करून द्यावी, प्रत्येक चित्र पडद्यावर २० सेकंद राहील, पुढचे चित्र आपोआप येईल आणि बोलणाऱ्याला ते थांबवता येणार नाही, असे त्यात लिहिले होते. म्हणजे सगळे मिळून ४०० सेकंद, ६ मिनिटे ४० सेकंद. मी खानापूरला राहतो आणि भाजलेल्या मातीत उठावकाम करतो. माझ्याकडे चांगला कॅमेरा नाही, संगणक मुलीचा आहे आणि तिला सवड नव्हती. म्हणून बेळगावात शहापूर भागातल्या एका लहान स्टुडिओकडे मी हे काम सोपवले. छायाचित्रण, स्लाइड आणि बोलण्याचा सराव ही तिन्ही कामे एकाच ठिकाणी करून मिळतील, अशी पाटी तिथे काचेला चिकटवलेली आहे. त्या तिन्ही कामांचे हे परीक्षण आहे.

स्टुडिओचे नाव मी मुद्दाम देत नाही. खाली ज्या तक्रारी लिहिल्या आहेत, त्या मी मालकांना, म्हणजे तिथे सगळे ज्यांना अण्णा म्हणतात त्यांना, समोर बसून सांगितल्या आहेत आणि त्यांनी त्या चहा पाजून ऐकून घेतल्या आहेत. एवढ्याशा दुकानाला जाहीरपणे बोल लावणे मला बरे वाटत नाही. शिवाय लग्नाचे अल्बम आणि पासपोर्टचे फोटो हा मूळ धंदा सांभाळून अशी कामे घेणारी दुकाने बेळगावपासून निपाणीपर्यंत सापडतात. तिथे गेल्यावर काय मागावे आणि काय मागू नये, हे चित्रकाराला, विणकराला किंवा माझ्यासारख्या माती मळणाऱ्याला आधी ठाऊक असेल, तर पैसे आणि फेरे दोन्ही वाचतील.

आधी या रीतीविषयी थोडे. ती मूळची टोकियोची आहे. ॲस्ट्रिड क्लाइन आणि मार्क डायथम या वास्तुरचनाकारांनी २००३ च्या फेब्रुवारीत, तरुण रचनाकारांना आपले काम लोकांपुढे मांडता यावे म्हणून ती सुरू केली. वास्तुरचनाकाराच्या हाती ध्वनिक्षेपक आणि चित्रे दिली की तो थांबत नाही, हा त्यामागचा अनुभव होता. 'पेचाकुचा' या तिच्या जपानी नावाचा अर्थ गप्पांची किलबिल असा आहे. अमेरिकेत सिएटलला २००६ मध्ये 'इग्नाइट' नावाचा तसाच एक प्रकार निघाला; त्यात चित्रे २० च असतात, पण प्रत्येकाला १५ सेकंद मिळतात आणि ५ मिनिटांत सगळे आटोपते. आपल्याकडच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली घंटा झाल्यावरही वक्ता दोन मिनिटे रेटून नेतो आणि परीक्षक ते खपवून घेतात. येथे तशी घंटा नसते, आपण बोलत असतानाच चित्र निघून जाते. कीर्तनातल्यासारखा पूर्वरंग लावून मग विषयाकडे वळावे म्हटले, तर वळेपर्यंत तिसरे चित्र आलेले असते.

आता छायाचित्रणाकडे येतो, कारण पैशाचा मोठा भाग त्यातच गेला आणि शिकायला मिळाले तेही तिथेच. माझी १४ फलके भाताच्या पेंढ्यात आणि गोणपाटात गुंडाळून मी खानापूरहून टेम्पोने नेली. अण्णांनी चित्रांचे फोटो काढण्याची नेहमीची मांडणी केली: फलक भिंतीला टेकवून उभे, कॅमेरा ट्रायपॉडवर बरोबर मध्यावर, आणि दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत दोन सारखे दिवे. जलरंगाच्या किंवा तैलरंगाच्या चित्रासाठी ही मांडणी अगदी योग्य आहे. प्रकाश दोन्हीकडून सारखा पडला की पृष्ठभागाची चमक कॅमेऱ्यात शिरत नाही आणि रंग सगळीकडे सारखा उजळतो. उठावकामाचा मात्र सगळा जीव सावलीत असतो. माझ्या फलकावरचा सर्वांत उंच भाग जेमतेम पाऊण इंच वर आलेला असतो, आणि दोन्हीकडचे दिवे एकमेकांची सावली पुसून टाकतात. पहिली सहा छायाचित्रे संगणकावर पाहिली तेव्हा माझी फलके नानकटाईसारखी दिसत होती.

घरी फलक कच्चे असताना मी ते संध्याकाळी अंगणात नेऊन तपासतो, कारण त्या वेळी ऊन तिरपे येते आणि बोटाची जरासुद्धा चूक झालेली असली तरी तिची सावली पडते. तेच येथे करा, असे मी अण्णांना सांगितले. एक दिवा बंद करायचा आणि दुसरा खाली उतरवून जवळजवळ भिंतीला घासून आडवा मारायचा. अण्णा खूश नव्हते. "आवं, अर्धा फोटो काळा येतोय की," असे ते म्हणाले आणि ते खरेही होते. त्यावर तोडगा त्यांनीच काढला: सावलीच्या बाजूला थर्माकोलचा एक पांढरा तुकडा उभा केला, म्हणजे दिव्याचा परतलेला उजेड सावलीत थोडासा शिरेल. तो तुकडा फलकापासून एक हात लांब ठेवला तर सावली फार गडद राहते, वीतभर अंतरावर आणला तर पुन्हा नानकटाई होते. मधली जागा शोधण्यात पाऊण तास गेला. पण ती सापडल्यावर नदीकाठच्या मातीतले बारीक अभ्रकाचे कण आणि थापीच्या फटक्यांच्या पुसट खुणाही चित्रात उमटल्या. हे फोटो मला मनापासून आवडले. ज्यांचे काम सपाट आहे त्यांनी दोन दिवे मागावेत; ज्यांचे काम कोरलेले, विणलेले, शिवलेले किंवा थापलेले आहे त्यांनी एक दिवा आडवा मागावा, आणि दुकानदाराने मान हलवली तरी मागे हटू नये.

रंगाच्या बाबतीत मात्र तक्रार आहे. दुसऱ्या दिवशी फोटो हातात आले तेव्हा माझी माती लग्नातल्या शालूसारखी लालभडक झाली होती. "जरा खुलवलंय," असे अण्णा मोठ्या कौतुकाने म्हणाले. नवरीच्या फोटोला जे खुलवणे लागते ते भाजलेल्या मातीला चालत नाही. माझ्या आव्यातली माती कुठे विटकरी, कुठे फिकट पिवळसर, तर जिथे धूर कोंडला तिथे काळपट अशी निघते, आणि ते फरक हाच माझ्या बोलण्याचा एक विषय होता. खुलवल्यावर सगळे एकाच रंगाचे झाले. शिवाय खोलीतली ट्यूबलाइट चालू राहिल्याने दोन प्रकारचे प्रकाश मिसळले होते आणि सावल्यांत हिरवट झाक आली होती. सुदैवाने अण्णांनी कॅमेऱ्यातल्या मूळ रॉ फाइली जपून ठेवल्या होत्या आणि काही फोटोंत करड्या रंगाचे कार्डही धरले होते. त्या कार्डावरून रंगाचा तोल पुन्हा बसवता आला. ते काम त्यांनी पुन्हा पैसे न घेता करून दिले, हे नमूद केले पाहिजे. तरीही दुकानात पाऊल ठेवताच "रंग खुलवू नका" असे सांगावे, आणि खोलीतल्या ट्यूबलाइट आपल्या डोळ्यांदेखत बंद करून घ्याव्यात.

आणखी एक बारीक गोष्ट. फलक केवढे आहे हे पडद्यावर कळत नाही. नऊ इंचांचे आणि तीन फुटांचे फलक तिथे सारखेच दिसते. अण्णांच्या मदतनीस मुलीने सुचवले म्हणून दोन फोटोंत माझा हात फलकावर ठेवून घेतला. नखांत माती होती, ती तशीच राहू दिली.

स्लाइडचे काम हा या सेवेतला सर्वांत कच्चा भाग. पहिली फाइल उघडली तेव्हा प्रत्येक चित्राभोवती सोनेरी वेलबुट्टीची चौकट होती, खाली उजव्या कोपऱ्यात स्टुडिओचे बोधचिन्ह होते आणि एक चित्र जाऊन दुसरे येताना पान उलटल्याचा देखावा होत होता. त्या देखाव्याला दीड सेकंद लागतो आणि तेवढ्यात ना हे चित्र धड दिसते, ना ते. २० सेकंदांच्या हिशेबात दीड सेकंद थोडा नव्हे. हे सगळे काढायला सांगितल्यावर दुसऱ्या फाइलीत चौकट गेली, बोधचिन्ह राहिले. तिसऱ्या फाइलीत ते गेले. पार्श्वभूमी मी गडद करडी मागितली. काळ्यावर माती उठून दिसते हे खरे, पण पूर्ण अंधार नसलेल्या खोलीत प्रोजेक्टर काळा रंग दाखवूच शकत नाही, कारण काळे म्हणजे जिथे त्याचा प्रकाश पडत नाही ती जागा, आणि तिथे पडद्याचा उजळलेला पांढरा दिसत राहतो.

मग अक्षरांची गंमत झाली. स्टुडिओत मराठी मजकूर जुन्या, म्हणजे युनिकोड ही सगळ्या संगणकांना कळणारी अक्षरपद्धत येण्याआधीच्या फाँटात टंकलेला होता. त्यांच्या संगणकावर 'मलप्रभेची माती' असे स्वच्छ दिसत होते, आणि तीच फाइल मुलीच्या लॅपटॉपवर उघडली तर इंग्रजी अक्षरे, कंस आणि टिंबे यांची खिचडी. अशा फाँटात देवनागरीचे आकार रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेले असतात. तो फाँट ज्या संगणकावर नाही, तिथे खालची रोमन अक्षरे उघडी पडतात. सीमाभागातल्या छापखान्यांत आणि डीटीपीच्या दुकानांत लग्नपत्रिका अजून अशाच फाँटांत होतात, आणि छापून बाहेर पडणाऱ्या पत्रिकेला त्याने काही बिघडत नाही. आपली फाइल मात्र दुसऱ्या गावी, दुसऱ्याच्या संगणकावर उघडायची असते. म्हणून मजकूर युनिकोडमध्येच हवा असे आधी सांगावे, आणि पॉवरपॉइंटमध्ये फाइल जतन करताना फाँट फाइलीतच अंतर्भूत करण्याची सोय आहे ती वापरायला लावावी. मी यातून वेगळाच मार्ग काढला. धारवाडला ऐकणाऱ्यांत कानडी आणि मराठी दोन्ही असणार, तेव्हा कोणत्या लिपीत लिहायचे हा घोळ घालण्यापेक्षा स्लाइडवर अक्षर ठेवायचेच नाही, फक्त वर्ष आणि इंचांतले माप ठेवायचे. बाकीचे तोंडाने सांगता येते.

वेळ लावण्याचे काम सोपे आहे आणि ते घरीही जमते. पॉवरपॉइंटच्या ट्रान्झिशनच्या भागात माऊसच्या क्लिकने पुढे जाण्याची खूण काढायची, ठरावीक वेळाने पुढे जाण्याच्या चौकटीत २० सेकंद भरायचे आणि तेच सर्व स्लाइडना लावायचे. लिब्रेऑफिस इम्प्रेस हे फुकट मिळणारे साधन आहे, त्यातही हीच सोय आहे. पण या साधनांत सरावाच्या वेळा मोजण्याची जी आणखी एक सोय असते, तिच्यापासून सावध राहावे. ती प्रत्येक स्लाइडवर आपल्याला किती वेळ लागला ते मोजते आणि शेवटी या नव्या वेळा जतन करू का, असे विचारते. आमच्याकडून एकदा घाईत 'होय' दाबले गेले आणि सगळ्या २० सेकंदांच्या जागी २३, ३१, १७ असे माझ्या अडखळण्याचे आकडे बसले. दोन दिवसांनी ते लक्षात आले. आणि फोटो मूळ आकारात स्लाइडवर टाकू नयेत. फुल एचडी प्रोजेक्टरला १,९२० पिक्सेल रुंदीचे चित्र पुरते, त्याहून मोठे घातल्यास फाइल फुगते आणि ऐन वेळी संगणक धापा टाकतो.

सरावाला मी जवळजवळ नाही म्हणणार होतो. तासाला २५० रुपये देऊन बोलायला काय शिकायचे, असे मनात होते. आज हिशेब करताना वाटते की चारही हजारांत खरी किंमत याच तासांना होती.

फोटो काढण्याच्या खोलीमागे एक लहान खोली आहे. एका भिंतीवर पांढरा कपडा ताणलेला, समोर प्रोजेक्टर, कोपऱ्यात जुन्या अल्बमांची थप्पी. सराव घेते ती अण्णांकडची मदतनीस मुलगी. तिची मातृभाषा कानडी. मराठी तिला उत्तम कळते आणि बोलते ती आमच्या बेळगावी वळणाची मराठी. मी १,६०० शब्दांचे भाषण लिहून नेले होते. ते वाचायला मला १४ मिनिटे लागली. तिने मोबाइलवर वेळ लावून मला वेगवेगळे तीन परिच्छेद वाचायला लावले आणि माझा वेग काढला: २० सेकंदांत ३८ शब्द. म्हणजे २० चित्रांना ७६० शब्द, आणि तेही श्वास न घेता. "काका, निम्म्याहून जास्त काढून सोडा की," असे ती अगदी सहज म्हणाली.

काय काढायचे? माझ्या लिखाणात पहिली पाच चित्रे जन्म, गाव, शाळा, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा आणि मिळालेली बक्षिसे यांना दिलेली होती. बेळगावात वाढलेल्या कुणाही कलावंताचा हात त्या ओघात के. बी. कुलकर्णी यांच्या नावाशी जातोच; रवी परांजपे आणि जॉन फर्नांडिस यांच्यासारखे चित्रकार ज्यांच्या हाताखाली घडले, त्या गुरूंचा उल्लेख केल्याशिवाय बोलणे म्हणजे उद्धटपणा, असे मला वाटत होते. पण मी त्यांचा विद्यार्थी नव्हतो, आणि उसन्या परंपरेवर १०० सेकंद घालवणे हाच खरा उद्धटपणा ठरला असता. ती पाचही चित्रे गेली. मग एकेका फलकाला एकेक स्लाइड हा माझा हिशेब मोडला. १४ फलकांपैकी ७ च शेवटपर्यंत टिकली, आणि त्यांतल्या एका फलकाला सलग चार स्लाइड मिळाल्या: काठावरून खणून आणलेली ओली माती, थापीने चोपताना हात, आव्यातून निघालेले फलक, आणि त्याच फलकाला भाजताना गेलेला तडा जवळून. ८० सेकंद एकाच वस्तूजवळ थांबल्यावर ऐकणाऱ्याला ती वस्तू कळते. उरलेल्या स्लाइडवर कनकुंबीजवळ उगम पावून खानापूरवरून जाणारी मलप्रभा, तिच्या काठची माती, गावातल्या कौलांच्या आणि विटांच्या भट्ट्या, असे माझ्या रोजच्या पाहण्यातले आले.

माझे काम एका कौलावरून सुरू झाले. आमच्या जुन्या घराच्या छपरावर कुंभाराने हाताने केलेली नळीची कौले होती. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ मध्ये यंत्राने दाबलेल्या सपाट कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ती मंगलोरी कौले सगळ्या किनाऱ्यावर आणि घाटमाथ्यावर पसरली. आमच्याकडेही अंगणाकडची बाजू मंगलोरीच झाली, पण माजघरावरची नळीची कौले वडिलांनी काढू दिली नाहीत. पुढे घर उतरवताना त्यांतल्या एका कौलाच्या पाठीवर कुत्र्याचे पाऊल उमटलेले सापडले. ओली कौले अंगणात वाळत असताना कुत्रे वरून चालून गेले असणार, आणि कुंभाराने ते कौल टाकून न देता तसेच भाजले. हे सगळे मी चौथ्या स्लाइडसाठी ३८ शब्दांत बसवायची खटपट करत होतो.

सरावाच्या दुसऱ्या बैठकीत त्या मुलीने एक पद्धत लावली. पंधराव्या सेकंदाला ती स्टीलच्या पेल्यावर चमच्याने हलकेच टिचकी मारायची आणि तिथे माझे वाक्य संपलेच पाहिजे असा नियम होता. उरलेले ५ सेकंद ऐकणाऱ्यांनी चित्र पाहायचे, आणि मी श्वास घ्यायचा. वाक्य संपले नाही तर ती आपल्या वहीत कानडीत काही टिपून घ्यायची. मधूनच बाहेर पासपोर्ट फोटोचे गिऱ्हाईक आले की पळायची आणि परत येऊन पेला हातात घ्यायची. चार वेळा सगळे म्हणून झाल्यावर तिने वही पाहिली आणि म्हणाली, "काका, त्या कुत्र्याच्या पायाला तुम्ही दर वेळी गप्प होऊन सोडतासा बघा. सुरू करतासा आणि थांबतासा." मला हे ठाऊकच नव्हते. तिने चारही वेळच्या नोंदी दाखवल्या: सहा-सात सेकंद बोलून मी थांबलो होतो आणि पुढचे चित्र येईपर्यंत तोंडातून शब्द काढला नव्हता. लिहिलेले वाक्य पुढे बरेच होते. मंगळूरच्या कारखान्याचा इतिहास त्यातच होता.

"मग काढून सोडूया की ते," असे ती म्हणाली. आम्ही १८६५ काढले, कारखाना काढला, वडिलांचा हट्टही काढला. त्या स्लाइडला एकच वाक्य उरले: हे कौल आमच्या माजघरावर होते. पाच सेकंदांत ते संपते. पुढचे १५ सेकंद कौल पडद्यावर राहते. मी घाबरलो होतो. इतका वेळ गप्प राहिलो तर लोकांना वाटेल की पाठ केलेले विसरला. तिने ते स्वतः पडद्यासमोर उभे राहून करून दाखवले, हात मागे बांधून, माझ्याकडे न पाहता चित्राकडे पाहत, आणि पुढचे चित्र आल्यावर बोलायला लागली. खोली अंधारी होती; पंख्याने मागचा कपडा हलत होता आणि त्याबरोबर कौलही.

अण्णांच्या पाटीवर सराव तिसऱ्या क्रमांकावर, लहान अक्षरांत लिहिलेला आहे. तो वर आणावा असे मी त्यांना सुचवले. त्यांनी हसून विषय बदलला. एक उणीव येथेही नोंदवतो: खोली दुकानाच्या मागे असल्याने आवाज येतो, आणि लग्नसराईत शनिवार-रविवारी गेलात तर सरावाचा तास तुकड्यातुकड्यांत मिळेल. बुधवार-गुरुवारी दुपारी जावे.

शेवटी फाइल दोन प्रकारे घेतली: एक पॉवरपॉइंटची आणि एक त्याचाच व्हिडिओ. व्हिडिओत फाँटही सुटत नाहीत आणि वेळाही बदलत नाहीत. तोटा एवढाच की ऐन वेळी एखादे चित्र बदलावेसे वाटले तर बदलता येत नाही, आणि माझ्यासारख्याच्या बाबतीत तो फायदाच आहे. पीडीएफ घेऊ नये, कारण त्यात लावलेल्या वेळा जातात.

धारवाडला सभागृहाचे पडदे पातळ होते आणि बाहेर अजून उजेड होता. माझ्या आधी बोललेल्या एका चित्रकाराची काळ्या पार्श्वभूमीवरची चित्रे पडद्यावर विरून गेली. माझी करड्यावरची तरली. माझा व्हिडिओ दुसऱ्याच्या लॅपटॉपवर विनातक्रार चालला. मी मराठीत बोललो, कुणाला अडचण झाली नाही. दहाव्या चित्राला मी मागे पडलो, ते वाक्य अर्धेच सोडले आणि अकराव्याला पुन्हा गाठले. अर्धे वाक्य सोडायचे धैर्य सरावातच आलेले होते. चौथ्या चित्राला १५ सेकंद गप्प राहिलो. नंतर जेवताना एका वयस्क कलावंताने विचारलेला पहिला प्रश्न त्याच चित्राविषयी होता: ते कौल तुमचे काम की कुत्र्याचे?

खर्च असा झाला: १४ फलकांचे छायाचित्रण प्रत्येकी १८० रुपयांप्रमाणे २,५२०, २० स्लाइड प्रत्येकी ६० प्रमाणे १,२००, आणि सरावाचे दोन तास ५००. एकूण ४,२२० झाले, अण्णांनी ४,२०० घेतले. छायाचित्रणाची किंमत रास्त आहे, मात्र आधी बोलायचे काय ते ठरवून मगच फोटो काढायला गेलो असतो तर निम्मी फलके घरीच ठेवून गेलो असतो. स्लाइडच्या कामाला १,२०० रुपये जास्त आहेत, कारण त्यातले निम्मे काम त्यांनीच केलेले काढून टाकण्याचे होते. पुढच्या वेळी ते मुलीला धरून घरीच करीन. सरावासाठी मात्र पुन्हा शहापूरला जाईन, आणि त्या खोलीतला पंखा बंद करायला सांगेन.